सासूबाईंची घंटी

मी माझ्या सासूच्या गळ्यात घंटी बांधली अशी बातमी सध्या आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहरात फिरून राहिली आहे. ती साफ खोटी आहे. घंटी कमरेला बांधली होती. गळा आणि कंबर यांतला फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. पण मी तहसील कचेरीत अव्वल कारकून आहे, दिवसभर लोकांच्या अर्जांतल्या चुका काढतो, तेव्हा स्वतःबद्दलची चुकीची नोंद तशीच फिरू द्यायची हे काही मला जमत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

सुरुवात आमच्या दिव्यानीनं केली. पोरगी पुण्याला नोकरीला आहे आणि तिथून माझ्या रक्तदाबावर लक्ष ठेवते. "बाबा, तुम्ही फार घाबरता. हाताला काहीतरी काम द्या, डोकं शांत राहील," असं म्हणून तिनं मला एक व्हिडिओ पाठवला. त्यात कुठल्यातरी थंड मुलखातला एक म्हातारा नुसत्या चाकूनं लाकडाचा चमचा करत बसला होता. रंग नाही, खिळा नाही, नक्षी नाही. साधी वस्तू कधी जुनी होत नाही, असं काहीतरी खाली लिहून येत होतं. म्हाताऱ्याच्या तोंडावर अशी शांती होती की मला त्याचा हेवाच वाटला. म्हटलं, हेच आपल्याला पाहिजे होतं.

आता घाबरण्याबद्दल एवढंच सांगतो की मी घाबरट आहे हे माझ्या बायकोचं, रंजीताचं, मत आहे. मी सावध आहे. झोपण्याआधी गॅसचं बटन पुन्हा पाहणं, विजा चमकायला लागल्या की मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवणं, कुत्रं दिसलं की गल्ली बदलणं, याला शहाणी माणसं सावधपणाच म्हणतात. बायको म्हणत नाही, त्याला माझा इलाज नाही.

तर पटाशी आणली, करवत आणली, कानस आणली. लाकूड कापायच्या आरामशीनवरून शिवणीच्या लाकडाचे वाया गेलेले तुकडे आणले. पहिली केली पळी. वरण घेतलं की ते ताटापर्यंत पोचायच्या आत पळीतून खाली गळून परत भांड्यात जायचं. मग पोळपाट केला. त्याला मधात असा काही उतार आला की रंजीताच्या पोळ्या गडचिरोली जिल्ह्याच्या आकाराच्या होऊ लागल्या, थेट सिरोंच्यापर्यंत लांब. "यात कोनती शांती हाय?" तिनं विचारलं. मी म्हाताऱ्यासारखा शांत राहिलो.

शेजाऱ्यांनी मदत केली नाही असं मी म्हणणार नाही. उजवीकडे दादाजी मोहुर्ले राहतात, निवृत्त हेडमास्तर. ते भिंतीवरून म्हणाले, "श्रावणभाऊ, लाकडाले आधी तेल पाजा." डावीकडे प्रफुल राहतो, त्याचं मोबाईलचं दुकान आहे. तो म्हणाला, "तेल नाई भाऊ, पाण्यात बुडवा." मी दोघांचंही मन राखलं आणि लाकूड तडकलं. तेव्हा मोहुर्ले गुरुजींनी आणखी एक गोष्ट सहज विचारली, "लाकडाची पावती तं हाय ना?"

झालं!  आपण जंगलाच्या जिल्ह्यात राहतो, सरकारी नोकर आहोत, आणि पलंगाखाली बिनपावतीचं लाकूड! मी धावत आरामशीनवर गेलो. मालक म्हणाला, "भाऊ, चुलीत घालाचे तुकडे हायेत, त्याची पावती आजवर कोनं मागतली?" मी म्हटलं, मी मागतो. त्यानं कॅलेंडरच्या पानामागं लिहून दिलं, "बोरकुटे साहेबाले तुकडे दिले." ते पान घेऊन मी वनखात्याच्या चौकीवर गेलो. तिथल्या वनरक्षकानं पान वाचलं, उलटं करून त्यावरची एकादशी वाचली आणि विचारलं, "तुमची तक्रार काय हाय?"

"तक्रार नाई. तुमची काही हरकत नाई असं लिहून पाहिजे होतं."

"कशाले हरकत?"

"पळीले," मी म्हटलं.

त्यानं चहा मागवला. लिहून काही दिलं नाही. तेव्हापासून त्याची मोटारसायकल घरावरून गेली की मी सगळं लाकूड पायानं पलंगाखाली ढकलतो. दिव्यानीला मात्र फोनवर सांगितलं की डोकं पहिल्यापेक्षा लय शांत आहे.

कचेरीच्या कामानं अहेरीला गेलो होतो, तेव्हा तिथल्या बाजारात मला घंटी दिसली. ढोरांच्या गळ्यात बांधायची लाकडी घंटी. पोखरलेला एक ठोकळा आणि आत दोरीनं लोंबणाऱ्या दोन काड्या, बस. याहून साधी वस्तू ब्रह्मदेवालाही सुचली नसती. मी ती हातात घेऊन हलवली. टोकळ टोकळ असा ओला, गोड आवाज आला. घरी येऊन मी घंट्याच करायला घेतल्या, आणि काय सांगू, जमल्या! पहिली जमली, दुसरी त्याहून बरी जमली. पाच-सहा झाल्यावर मी त्या समोरच्या छपरीला ओळीनं टांगल्या. वारा आला की वाजायच्या. मी खुर्ची टाकून खाली बसायचो आणि मनात म्हणायचो, ये म्हाताऱ्या, पाह्य.

आता इथं माझी जी चूक झाली ती पुण्या-मुंबईच्या माणसाला चूकच वाटणार नाही. आमच्या ले-आऊटमध्ये, म्हणजे वसाहतीत, शिक्षक आहेत, तलाठी आहेत, घुग्घुसच्या खाणीतून निवृत्त झालेले आहेत. पण एकूण एक जण खेड्यातून आलेला आणि ढोरांमागं हिंडलेला. जंगलात ढोरं चारणारा माणूस ढोरं डोळ्यांनी राखत नाही, कानांनी राखतो. घंटी वाजते आहे तोवर ढोर चरून राहिलं. आवाज लांब गेला तर भटकलं. आणि वाजता वाजता घंटी एकदम थांबली तर? तर त्यापुढचं आमच्याकडे कोणी मोठ्यानं बोलत नाही. वाघाचं नावसुद्धा घेत नाहीत. 'तो' म्हणतात नाहीतर 'जनावर' म्हणतात.

आणि वाऱ्याचं असं आहे की तो थांबतो.

पहिल्याच दिवशी वारा पडला, घंट्या थांबल्या आणि प्रफुल तोंडात ब्रश घेऊन रस्त्यावर आला. "काय झालं भाऊ? कोनाचं गेलं?" कोणाचंच गेलं नाही म्हटलं तर चिडला. मोहुर्ले गुरुजींना दोन दिवस घास गेला नाही. ते म्हणाले, "वाजते तवरी बरं वाटते हो. थांबली का जीव घशात येते. मी लहानपणी आमची काळी गाय अशीच..."  मी म्हटलं, गुरुजी, ही शोभेची घंटी आहे. ते म्हणाले, "कानाले काय समजते शोभा?" शेवटी ले-आऊटची बैठक भरली, माझ्याच अंगणात, माझ्याच चहावर, आणि घंट्या उतरवाव्यात असं एकमतानं ठरलं. एकमतात रंजीतापण होती. मी घंट्या उतरवून कोनाड्यात ठेवल्या. एवढा अपमान माझा पळीनंही केला नव्हता.

त्याच सुमारास सासूबाई आल्या. बायनाबाई त्यांचं नाव, सावली तालुक्यातल्या खेड्यात असतात. चंद्रपूरला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डोळा बरा होईस्तोवर लेकीकडे राहायचं ठरलं. त्या डोळ्यानं त्यांना पहिल्यांदा आमच्या टीव्हीमागची धूळ दिसली आणि दुसऱ्यांदा मागच्या भिंतीपलीकडचा मोह.

आमच्या मागच्या भिंतीनंतर नाला आहे आणि नाल्यानंतर जंगल. चैतात तिथले मोह टपटप गळतात. पहाटे फुलांचा सडा पडतो. "एवढं सोनं पडून राह्यलं आन् तुमी झोपून राह्यले!" असं म्हणून सासूबाई टोपली घेऊन निघाल्या, त्या रोजच निघायला लागल्या. आमच्या गच्चीवर मोहफुलं वाळायला लागली. वास असा सुटला की प्रफुल आवाज खाली करून विचारायचा, "भाऊ, कधी तयार होते?" मी सरकारी नोकर आहे, दारू गाळत नाही, असं मी त्याला दर वेळी सांगायचो. ढोरांना घालतात, डाळीत टाकून खातात, असंही सांगायचो. तो डोळा मारायचा.

इथवर ठीक होतं. मग एक दिवस नाल्याच्या ओल्या रेतीत पंजे उमटले. त्याच दिवशी वनरक्षक कर्णा घेऊन ले-आऊटमध्ये आला. जंगलात जाऊ नका, गेलेच तर घोळक्यानं जा, आवाज करत जा. "मोह येचाले मानूस खाली वाकते. वाकलेला मानूस त्याले मानूस वाटत नाई, हरीन वाटते. दिसलाच तं वाकू नोका आन् पळू नोका," असं त्यानं बजावलं. बाकीच्या बायांनी त्या दिवसापासून टोपल्या टांगून ठेवल्या. मी तर मागच्या दाराला दुसरी कडी बसवली. सासूबाईंनी कर्णा पूर्ण ऐकला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी टोपली उचलली.

आता त्यांना अडवायचं कसं? मला ते शक्यच नव्हतं. आमच्याकडे जुन्या बाया जावयाशी समोरासमोर बोलत नाहीत. जावई दिसला की पदर डोक्यावर, पाठ त्याच्याकडे, आणि बोलायचं ते तिसऱ्याला. लग्न झाल्यापासून बायनाबाईंनी मला उद्देशून एक अक्षर काढलेलं नाही. जे सांगायचं ते रंजीताला सांगतात. रंजीता नसली तर दिव्यानीला, तीही नसली तर मांजरीला. एकदा मांजरही घरात नव्हती, तेव्हा त्यांनी कुकरला सांगितलं, "दूध उतू जाऊन राह्यलं म्हना." मी उठून गॅस बंद केला आणि कुकरला 'हाव', म्हणजे हो, म्हटलं.

सासूला आम्ही मामी म्हणतो. तर त्या सकाळी मी मांजरीला म्हणालो, "मामीले सांग, जाऊ नोका म्हना. जीवाले धोका हाय."

सासूबाई मांजरीला म्हणाल्या, "तो का आज आला का? आमी त्याच्याच गावात लहानाचे मोठे झालो म्हना. मोह का माही वाट पाह्यन? पंधरा दिवसाचा धंदा."

"माय, तुले काही झालं तं मी का करू?" रंजीता रडायलाच लागली. नुसती रडली असती तर पाहून घेतलं असतं, पण ती माझ्याकडे वळली. "तुमी तं कामाचं कधी काही केलं नाई! एवढ्या घंट्या केल्या, एक मायच्या कमरेले बांधा. मले इथी ऐकू तं येईन!"

सांगायला लाज वाटते, पण सासूच्या जीवाला धोका असताना मला पहिल्यांदा आनंद झाला तो घंटीचा. मी सगळ्यांत गोड आवाजाची निवडली, तिला नवी दोरी ओवली. सासूबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली, हलवली आणि मांजरीला सांगितलं, "बरी केली म्हना." माझ्या कामाला मिळालेली ही पहिली आणि आजपर्यंतची शेवटची पावती.

मग मागच्या पायरीवर बसून ऐकायचं काम माझ्याकडे आलं. हे काम किती वाईट असतं ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. सासूबाई वाकल्या की टोकळ, उठल्या की टोकळ, चालल्या की टोकळ टोकळ. मधात त्या थुंकायला थांबल्या तरी मी ओठाशी नेलेला कप खाली घ्यायचो. हातातला चहा तसाच निवायचा. पुन्हा टोकळ झालं की मी एक घोट घ्यायचो. आपल्याला ही म्हातारी इतकी प्यारी आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. दिव्यानीच्या बाळंतपणात, म्हणजे दिव्यानीच्या जन्माच्या वेळी, रंजीताची काही खात्री नव्हती, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात हीच बाई भिंतीकडे तोंड करून म्हणाली होती, "घाबरू नोका म्हना, सगळं ठीक होते म्हना." भिंतीला सांगितलं होतं, पण धीर मला आला होता. हे सगळं त्या पायरीवर आठवायचं आणि मी आणखीच घाबरायचो.

आणि एका सकाळी घंटी थांबली.

थुंकायला थांबते तशी नाही. टोकळ, टोक... आणि मधातच तुटली. मी वाट पाहिली. पुन्हा वाट पाहिली. मागं वळलो तर दारात रंजीता उभी. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. भिंतीवर मोहुर्ले गुरुजींचं डोकं आलं, दुसऱ्या भिंतीवर प्रफुलचं. दोघंही रोज आपापल्या घरात बसून चोरून ऐकत होते हे तेव्हा कळलं.

"थांबली," गुरुजी म्हणाले.

"मले आईकू आलं," मी म्हटलं.

"वनखात्याले फोन करतो," म्हणून प्रफुलनं फोन लावला. वनरक्षक म्हणाला, निघालोच, पण मी राजोलीकडं हाय, अर्धा-पाऊन घंटा लागन, तोवर कोणी एकटं जाऊ नका. हे ऐकून मला, खोटं कशाला बोलू, थोडं बरं वाटलं. सरकारी आदेशच तसा होता. गुरुजींनी तर कागद घेऊन लिहायलाही सुरुवात केली होती. "विषय, वाघाचा बंदोबस्त करन्याबाबत. श्रावणभाऊ, बरोबर हाय ना?"

"'तातडीनं' टाका," मी म्हणालो. "आन् आधी संदर्भ लिहा." माझ्या तोंडून ते शब्द बाहेर पडत होते आणि मला कळत होतं की मी वेळ काढतो आहे. पाय पायरीला चिकटले होते. तेवढ्यात रंजीता आत जाऊन विळा घेऊन आली आणि चप्पल घालायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती. तुमी चला असंही म्हणाली नाही. तिनं मला मोजलंच नव्हतं.

तेच मला झोंबलं. "थांब," मी म्हटलं, "मी जातो." हे कोण बोललं म्हणून मीच मागं वळून पाहिलं. कोनाड्यातल्या सगळ्या घंट्या काढून मी गळ्यात घातल्या, कारण आवाज करत जा असं कर्ण्यानं सांगितलं होतं. प्रफुलनं भिंतीवरून स्टीलची लहान कोठी, म्हणजे पिठाचा डबा, आणि चमचा दिला. स्वतः मात्र भिंतीच्या आतच राहिला. "भाऊ, तुमी व्हा पुढं, आमी इथून ओरडतो," असं म्हणाला, आणि खरंच ओरडायला लागला.

नाल्यात उतरलो तेव्हा पाय लटलट कापत होते आणि त्या कापण्यानंच घंट्या वाजत होत्या, वेगळं काही करावं लागत नव्हतं. कोठीवर चमचा मारत, "मामी! ओ मामी!" करत मी चाललो. पळसाचं पान हललं तरी मी कोठीआड तोंड लपवायचो.  एक पाऊल पुढं टाकलं की मनात येई, आता टोपली दिसेल, नुसतीच टोपली, आणि मग ते पाहून मी रंजीताला काय सांगू?

टोपली दिसली. शेजारी सासूबाई दिसल्या. मोहाखाली ताठ उभ्या होत्या, जित्या-जागत्या! एका मुठीत कमरेची घंटी गच्च धरलेली, दुसऱ्या हातात काठी, नजर समोरच्या घाणेरीच्या जाळीवर. मला बरं वाटलं ते क्षणभरच. कारण जाळीतून असा एक आवाज आला की तो मला कानानं नाही, पोटानं ऐकू आला.

सासूबाईंनी घंटी धरली होती ती त्याला कळू नये म्हणून. तो जाळीत पडून होता, उठून आपल्या वाटेनं गेला असता. आणि मी पाच घंट्या आणि एक कोठी वाजवत तिथं येऊन पोचलो होतो.

अशा वेळीसुद्धा बायनाबाईंनी पहिलं काम काय केलं असेल? काठी बगलेत धरली आणि पदर डोक्यावर घेतला. माझ्याकडे पाठ होतीच. मग मोहाच्या झाडाला हळू आवाजात म्हणाल्या, "घंट्या धरा म्हना."

झाडानं सांगितलं नाही, पण मला कळलं. मी कोठी टाकली, ती दगडावर दाणकन वाजली. घंट्या पाच आणि हात दोन. मी दोन हातांत धरल्या, एक हनुवटीखाली दाबली, आणि उरलेल्या गप करायला खाली बसून गुडघ्यांत कवटाळल्या. डोळे आपोआप मिटले.

"बसू नोका म्हना! उभे राहा म्हना!" सासूबाई झाडाला सांगत होत्या. खाली बसलेला माणूस हरीण वाटतो हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि गुडघे वेगळे. जाळीत काटक्या मोडल्या. तो उठला असावा. मी पळायच्या बेतात एक पाय मागं घेतला आणि सगळ्या घंट्या एकदम वाजल्या.

"ए श्रावन! उभा राह्य! पळशीन तं तंगडं तोडीन!"

माझं नाव! माझ्या आईनंतर मला असं कोणी हाक मारून दटावलेलं नाही. मी ताडकन उभा राहिलो, शाळेत राहतात तसा. डोळे मात्र मिटलेलेच. मग मला काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला आणि सासूबाईंचा आवाज आला, खणखणीत. त्या झाडाशी बोलत नव्हत्या. "जाय न बाप्पा. कायले आमच्या वाट्यात येतं? तुहं बिऱ्हाड तिकडं, आमचं इकडं. मी का तुले नवी हाओ? पोरगं भेऊन राह्यलं माहं. जाय, चाल, सरक." ज्या बाईनं जन्मात माझ्याशी तोंड समोर करून शब्द काढला नाही, ती त्याच्याशी समोरासमोर बोलत होती, आणि बोलता बोलता मला आपलं पोरगं म्हणून गेली.

पुढं किती वेळ गेला मला सांगता येत नाही. काटक्या मोडल्याचा आवाज लांब लांब गेला. मग मोर ओरडला, मग काहीच नाही.

"गेला का?" मी विचारलं.

पदर सारखा केल्याचा आवाज आला. "गेला म्हना," सासूबाईंनी झाडाला सांगितलं.

मी डोळे उघडले. जाळी हलत होती, एवढंच. मी त्याला पाहिलंच नव्हतं. शेपूटही नाही. माझ्या गळ्यातल्या घंट्या अजून वाजत होत्या, कारण मी अजून कापत होतो. सासूबाईंनी तेवढ्यात सांडलेली फुलं टोपलीत भरून घेतली. मग त्या मागं आणि मी पुढं, असे आम्ही निघालो. मी मागं राहावं असं सुचवलं नाही, कारण मला मागं राहायचं नव्हतं.

भिंतीपाशी अख्खा ले-आऊट जमला होता. रंजीतानं आईला मिठी मारली, मग मला मारली, पण घंट्या मधात आल्या. सगळे एकदम विचारायला लागले. काय झालं? दिसला का? केवढा होता? मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो देव जाणे. त्याआधीच सासूबाई रंजीताला म्हणाल्या, पण अशा आवाजात की पलीकडच्या गल्लीत जावं, "मी तं हातपाय गाळूनच उभी होती वं. जवाईबापू आले, असे खेकसले त्याच्यावर, का शेपूट घालून पळाला!"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाठ करून टोपलीतला पाचोळा वेचत होत्या.

गुरुजींनी अर्ज फाडला आणि माझा हात हातात घेऊन हलवत राहिले. प्रफुलनं माझा घंट्यांसकट फोटो काढला, सासूबाईंचाही काढला, आणि गळ्यातल्या घंटीची बातमी त्या फोटोंतूनच सुटली असावी. वनरक्षक उशिरा पोचला. त्यानं मला ओळखलं आणि पळीवाले साहेब ना, असं विचारलं. दिवसभर लोक येत होते. मी एकही शब्द खोटं बोललो नाही, कारण मी बोललोच नाही. रंजीता मला पाहून गालात हसत होती, तसं ती लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हसायची. तेवढ्यासाठी मी गप्प राहिलो, दुसरं काही नाही.

पण अशा गप्प राहण्याचा परिणाम भोगावा लागतो. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मागचं दार वाजलं. दोन्ही कड्या काढून पाहतो तर ले-आऊटमधल्या सगळ्या बाया टोपल्या घेऊन उभ्या. मोहुर्ले बाई पुढं होत्या. "श्रावणभाऊ, मोहाचे चारच दिवस राह्यले. घोळक्यानं जा म्हनते तो गार्ड. तुमी संगं असले तं आमाले भेव नाई. चाला!"

 रक्तदाब सांगू का? कचेरी सांगू का? मागं रंजीता उभी होती, आणि ती अजून तशीच हसत होती. मी चप्पल घातली. उजवा पाय डाव्या चपलेत गेला, तो काढून पुन्हा घातला.

सासूबाई सगळ्यांच्या मागून आल्या. डोक्यावर पदर, हातात काठी. माझ्याकडे पाठ करून त्या बायांना हळूच म्हणाल्या, "पोरीहो, त्यायले मधात घ्या. कडेले ठेवू नोका. भेतेत ते."

बाया जराशा सरकल्या. मी गुपचूप मधात गेलो.